वॉर्नर्स रँच : टपालगाडीच्या वाटेवरच्या एका रँचबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सॅन दिएगोत राहणारी मराठी मंडळी घरी पाहुणे आले की त्यांना जुलियनला ॲपल पाय खायला नेतात. पाय खाऊन झाला की बहुतेक गाड्या आल्या वाटेने परत फिरतात. त्याऐवजी हायवे ७९ ने उत्तरेकडे निघालं, तर अर्ध्यापाऊण तासात डोंगर मागे सरतात आणि एकदम मोकळं, गवताळ खोरं समोर येतं. रस्त्यापासून थोडं आत एक बुटकं मातीचं घर आहे. त्या घराबद्दल आणि खोऱ्याबद्दल जे प्रश्न हमखास येतात, त्यांची ही उत्तरं. काही लांबली आहेत, कारण गोष्टच लांब आहे.

ही जागा नेमकी कुठे आहे?

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन दिएगो काउंटीच्या ईशान्य भागात, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर. नकाशावर ‘वॉर्नर स्प्रिंग्ज’ शोधा. त्याच्या दक्षिणेला हेन्शॉ नावाचा तलाव दिसेल. तलावाच्या आजूबाजूचं सपाट खोरं म्हणजेच जुनी वॉर्नर्स रँच. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ३,००० फूट, त्यामुळे हिवाळ्यात गारठा असतो. पूर्वेचा डोंगर उतरला की थेट वाळवंट लागतं. पुढची सगळी गोष्ट या एका उतारामुळे घडली आहे, तेवढा तो लक्षात ठेवा.

रँच म्हणजे आपल्याकडचं फार्महाऊस का?

नाही. शेत म्हणावं तर नांगर नाही, गोठा म्हणावं तर छप्पर नाही. मैलोनमैल कुरण, त्यात मोकाट सोडलेली गुरं, त्यांच्यावर राखण ठेवणारे घोडेस्वार आणि मध्ये कुठेतरी मालकाचं मातीचं घर, असा तो प्रकार होता.

सुरुवातीच्या काळात गुरं दुधासाठी नव्हती आणि मांसासाठीही फारशी नव्हती. कातडी आणि चरबी हा खरा माल होता. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण होत. कातडी बोस्टनच्या जहाजांतून जाई आणि तिकडून जोडे होऊन परत येई. रोख पैसा दुर्मीळ असल्यामुळे वाळवलेलं कातडंच चलनासारखं चाले. जहाजावरचे लोक त्याला गमतीने ‘कॅलिफोर्नियाची नोट’ म्हणत. हजारो गाई आणि घरात दुधाचा थेंब नाही, असा त्या काळच्या प्रवाशांचा अनुभव असे. आपल्याकडच्या माणसाला हे पटायला जरा जड जातं.

१८४९ मध्ये सोन्यासाठी माणसांचा लोंढा आला आणि मग त्याच गुरांना मांसासाठी भाव आला.

हा वॉर्नर कोण?

मूळचा जोनाथन ट्रंबुल वॉर्नर. जन्म १८०७, कनेटिकटमधल्या लाइम गावचा. १८३१ मध्ये तो जेडेडाया स्मिथ या नामांकित फिरस्त्याच्या व्यापारी तांड्याबरोबर सांता फेला निघाला. स्मिथ वाटेतच कोमांची लोकांकडून मारला गेला. वॉर्नर सांता फेहून दुसऱ्या एका तुकडीबरोबर कॅलिफोर्नियात उतरला. तेव्हा कॅलिफोर्निया मेक्सिकोचा भाग होता. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या जिभेला ‘जोनाथन’ झेपेना, म्हणून तो हुआन होसे झाला. सव्वासहा फूट उंच असल्यामुळे लोक त्याला ‘हुआन लार्गो’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत लंबू.

१८३७ मध्ये सॅन लुइस रे मिशनमध्ये (मिशन म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी वसवलेलं ठाणं) त्याने अनिता गेल हिच्याशी लग्न केलं. नाव ऐकून मराठी पाहुणे चमकतात, पण ही अनिता एका जहाजकप्तानाची मुलगी. तिला वाढवलं पिको घराण्याने. पुढे गव्हर्नर झालेला पिओ पिको याच घरातला. तिच्या वडिलांना चष्मा होता, म्हणून स्थानिक लोक त्यांना ‘चार डोळे’ म्हणून हाक मारत. शाळेत ‘ढापण्या’ हे बिरुद मिरवलेल्यांना या कप्तानाबद्दल आपुलकी वाटेल.

एवढी जमीन एका माणसाला मिळाली कशी?

सनदेने. मेक्सिकोचा नागरिक व्हायचं, कॅथलिक धर्म स्वीकारायचा, गव्हर्नरकडे अर्ज करायचा आणि जमीन ‘रिकामी’ असल्याचं सांगायचं. १८४४ मध्ये गव्हर्नर मान्वेल मिचेल्तोरेना याने वॉर्नरला सनद दिली. त्याच्या आधी सिल्वेस्त्रे दे ला पोर्तिया याला याच खोऱ्यात जमीन मिळालेली होती, त्यामुळे हद्दींचा घोळ पुढे बरीच वर्षं चालला. अमेरिकी राजवटीत अखेर उत्तरेकडचे २६,६८९ एकर वॉर्नरच्या सनदेपोटी आणि दक्षिणेकडचे १७,६३४ एकर पोर्तियाच्या सनदेपोटी मान्य झाले. दोन्ही मिळून १७९ चौरस किलोमीटर भरतात.

मग जमीन खरंच रिकामी होती का?

नव्हती. खोऱ्याच्या वरच्या अंगाला गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्या झऱ्यांभोवती कुपा नावाचं गाव होतं. स्पॅनिश लोकांनी त्याला आग्वा कालियेंते, म्हणजे ‘गरम पाणी’, म्हणायला सुरुवात केली आणि तिथल्या लोकांना कुपेन्यो. ही जमात लहान होती, भाषा स्वतःची. शेजारी काविया, लुइसेन्यो आणि इपाई लोक राहत.

१७९५ मध्ये फादर हुआन मारिनेर नव्या मिशनसाठी जागा शोधत इथे आला आणि त्याने खोऱ्याला सेंट जोसेफचं नाव देऊन टाकलं. त्यानंतर मिशनवाल्यांची गुरं इथे चरू लागली आणि कुपातली माणसं मिशनच्या कामाला लागली. मिशनं मोडीत निघाल्यावर सनदांचं वाटप सुरू झालं. एवढ्या घडामोडींत गाव मात्र होतं तिथेच होतं: घरं, मळे, दफनभूमी, सगळं.

कुपेन्यो लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थ ‘इथे झोपलेली माणसं’ असा सांगतात. पुढे याच खोऱ्यातून हजारो माणसं गेली. बहुतेकांनी इथे घोडे बदलले, पाणी भरलं आणि ती पुढे निघून गेली.

रस्ता इथूनच का गेला?

पाण्यामुळे. पूर्वेकडून येणारा माणूस युमापाशी कोलोरॅडो नदी ओलांडे आणि मग वाळवंटात शिरे. कारीसोला पहिलं वाहतं पाणी, तेही खारट. पुढे वायेसितो, पुढे सॅन फेलिपे, आणि तिथून चढून आलं की वॉर्नरचं खोरं: पोटभर गवत, गोडं पाणी, ओकची झाडं. जनावरं इथपर्यंत पोहोचली म्हणजे वाचली, असा हिशेब होता.

शिवाय हा तिठा होता. एक वाट सांता इसाबेलवरून सॅन दिएगोला जाई, दुसरी तेमेक्युलावरून लॉस एंजेलिसला.

वायेसितो आणि सॅन फेलिपे यांच्यामध्ये एक अरुंद खिंड आहे. जानेवारी १८४७ मध्ये मॉर्मन बटालियनने, म्हणजे मॉर्मन पंथाच्या लोकांच्या अमेरिकी लष्करी तुकडीने, कुऱ्हाडी आणि मिळतील त्या हत्यारांनी तिथला कातळ फोडून गाड्या पलीकडे काढल्या, कारण खिंड गाडीच्या रुंदीपेक्षा अरुंद होती. पायी किंवा खेचरावरून जाण्याची वाट जुनीच होती; गाडीवाट झाली ती या खोदकामानंतर.

सैन्य इथे कशाला आलं होतं?

मेक्सिको आणि अमेरिका यांचं युद्ध चालू होतं. अमेरिकेचा जनरल स्टीफन कर्नी सांता फेहून निघाला होता आणि वाटाड्या होता किट कार्सन. २ डिसेंबर १८४६ रोजी ही तुकडी वॉर्नरच्या दारात पोहोचली तेव्हा माणसं आणि खेचरं दोघंही अर्धमेली होती. वॉर्नर घरी नव्हता, सॅन दिएगोत अटकेत होता. व्यवस्था बघत होता बिल मार्शल, जहाजावरून पळून आलेला एक खलाशी. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

तुकडीतला नकाशे काढणारा अधिकारी विल्यम एमरी याने लिहून ठेवलंय की त्याच्या ७ माणसांनी एका बैठकीत एक अख्खी धष्टपुष्ट मेंढी संपवली. चारच दिवसांनी, ६ डिसेंबरला, सॅन पास्क्वालला कॅलिफोर्नियाच्या भालाईतांनी याच तुकडीची दाणादाण उडवली. मेंढीचा प्रसंग त्यामुळे जरा वेगळा वाटायला लागतो.

१८५१ मध्ये रँच जाळली असं वाचलं. कुणी आणि का?

जाळली ती आंतोनियो गारा याच्या नेतृत्वाखाली उठलेल्या लोकांनी. गारा कुपेन्यो पुढारी होता, मिशनमध्ये शिकलेला, लिहितावाचता येणारा. उठावाचं तात्कालिक कारण कर. सॅन दिएगो काउंटीने मूळ रहिवाशांच्या गुराढोरांवर कर बसवला. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण कर मात्र वसूल व्हायचा होता. वसुलीला येणारा शेरीफ होता आगोस्टन हारास्ती, हंगेरीहून आलेला. हाच गृहस्थ पुढे सोनोमात द्राक्षमळे लावून कॅलिफोर्नियाच्या वाइनचा मोठा माणूस म्हणून गाजला. वाइनच्या पुस्तिकांमध्ये हा कराचा अध्याय सहसा सापडत नाही.

नोव्हेंबर १८५१ मध्ये झऱ्यांवर उतरलेल्या चार अमेरिकनांना मारण्यात आलं आणि वॉर्नरचं घर लुटून जाळण्यात आलं. वॉर्नर निसटला. गाराला इतर जमातींची साथ हवी होती, ती मिळाली नाही. काविया पुढारी हुआन आंतोनियो याने उलट त्यालाच पकडून दिलं. मग सूडसत्र चाललं. कुपा गाव जाळण्यात आलं. बिल मार्शल उठावात सामील असल्याचं ठरवून डिसेंबरात त्याला फाशी दिली गेली. १० जानेवारी १८५२ रोजी गाराला सॅन दिएगोच्या जुन्या दफनभूमीत, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्याजवळ उभं करून गोळ्या घातल्या. मरण्यापूर्वी त्याने जमलेल्यांची क्षमा मागितली आणि तुम्हीही माझी मागाल अशी अपेक्षा आहे, अशा अर्थाचं काहीतरी बोलला.

त्याच जानेवारीत तेमेक्युला आणि सांता इसाबेल इथे सरकारचा प्रतिनिधी स्थानिक जमातींशी करार करत होता. कॅलिफोर्नियात असे एकूण १८ करार झाले. अमेरिकी सेनेटने त्यांतला एकही मंजूर केला नाही आणि कागद गुप्त म्हणून बंद करून ठेवले. ते उघड झाले १९०५ मध्ये.

म्हणजे टपालगाड्या सुरू झाल्या तेव्हा वॉर्नर इथे नव्हताच?

बरोबर. रँचला त्याचं नाव चिकटलं ते कायमचं, पण तो स्वतः लॉस एंजेलिसला गेला. तो राज्याच्या सेनेटवर होता; उतारवयात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या इतिहास मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला आणि १८९५ मध्ये वारला. ज्या घरासमोर आज लोक फोटो काढतात, त्या घरात तो कधी राहिला नाही.

पण फलकावर तर लिहिलंय की घर त्यानेच बांधलं?

लिहिलंय खरं, आणि ते चूक आहे. त्याचं घर १८५१ मध्ये जळालं. आज उभं असलेलं घर १८५७ चं. ते दोन्या विसेंता सेपुल्वेदा दे कारियो या बाईंचं आहे. कागदपत्रं आणि जागेवरचं उत्खनन यांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं आणि आता वास्तूचं नावही ‘वॉर्नर–कारियो रँच हाऊस’ असं घेतलं जातं.

या बाईंबद्दल जास्त बोललं जायला हवं. पहिले पती तोमास योर्बा १८४५ मध्ये वारले. दुसरे होसे रामोन कारियो, अस्वलांशी झुंजण्याबद्दल प्रसिद्ध. १८६४ मध्ये त्यांचा खून झाला. मुलाबाळांचं मोठं खटलं, हजारो एकर, गुरं, नोकरचाकर आणि दाराशी येणाऱ्या गाड्या, हा सगळा पसारा विसेंताबाईंनी सांभाळला. मालमत्ता त्यांच्या नावावर असणं हे काही आक्रीत नव्हतं. स्पॅनिश-मेक्सिकन कायद्यात विवाहित बाईची वेगळी मालमत्ता मान्य होती आणि कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेने ती तरतूद तशीच ठेवली. त्या काळी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पुष्कळ राज्यांत लग्न झालेल्या बाईला हे सुख नव्हतं.

घर मातीचं आहे, म्हणजे गवत मिसळलेल्या मातीच्या, उन्हात वाळवलेल्या विटांचं. आपल्याकडे खेड्यात ज्यांना भेंडे म्हणतात, तेच. जाड भिंती, पुढे लांब ओसरी. आत शिरलं की उन्हाळ्यातला गारवा ओळखीचा वाटतो.

बटरफिल्डची गाडी ही काय भानगड?

जॉन बटरफिल्ड याच्या कंपनीला अमेरिकी टपालखात्याने कंत्राट दिलं होतं: मिसिसिपी नदीच्या बाजूने निघायचं आणि २५ दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठायचं, आठवड्यातून दोनदा, दोन्ही दिशांनी. वर्षाला ६,००,००० डॉलर. एकूण अंतर २,८०० मैलांच्या आसपास. एक फाटा सेंट लुइसहून, एक मेम्फिसहून, दोन्ही आर्कान्सॉमधल्या फोर्ट स्मिथला एकत्र येत. पुढे टेक्सास, एल पासो, टूसॉन, युमा, वॉर्नर्स, लॉस एंजेलिस. नकाशावर हा रस्ता लोंबणाऱ्या झोळीसारखा दिसतो. सरळ मध्यातून का गेले नाहीत, तर तिथे हिवाळ्यात बर्फ. शिवाय पोस्टमास्तर जनरल ॲरन ब्राउन टेनेसीचा, दक्षिणेकडचा माणूस. दोन्ही कारणं खरी आहेत आणि दुसरं तेव्हाही कुजबुजत नव्हे, मोठ्याने बोललं जात होतं.

सप्टेंबर १८५८ मध्ये पहिली गाडी निघाली. तिच्यातून शेवटपर्यंत गेलेला एकमेव प्रवासी होता न्यूयॉर्क हेरल्डचा बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी. १० ऑक्टोबरला गाडी सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचली, २४ दिवस व्हायला जेमतेम अर्धा तास बाकी असताना.

याच्या आधी, १८५७ मध्ये, सॅन अँटोनियो ते सॅन दिएगो अशी एक टपालसेवा सुरू झाली होती. शेवटचा डोंगर टपाल आणि माणसं खेचरांवर बसून ओलांडत, म्हणून लोकांनी तिला ‘गाढव टपाल’ असं नाव ठेवलं. ती सुरू करणारा जेम्स बर्च त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सेंट्रल अमेरिका’ बोटीबरोबर बुडाला. खुष्कीची टपालसेवा काढणारा माणूस समुद्रात गेला.

प्रवास कसा असायचा? तिकीट किती?

पश्चिमेकडे यायचं पूर्ण तिकीट सुरुवातीला २०० डॉलर. मधल्या टप्प्यांना मैलाला १० सेंट. सामान ४० पौंड, म्हणजे १८ किलो. जेवणाचे पैसे वेगळे. पत्राला अर्ध्या औंसामागे १० सेंट.

‘स्टेज’ या शब्दाला मराठीत तयार प्रतिशब्द आहे: टप्पा. आपल्याकडेही घोडे बदलण्याच्या ठिकाणाला, आणि दोन ठिकाणांमधल्या अंतराला, टप्पाच म्हणत. इथे टप्पा साधारण वीस मैलांचा, वाळवंटात पाणी नसेल तिथे त्याहून लांब. गाडी रात्रंदिवस चाले. गाडीवान ठरावीक पट्ट्यापुरता आणि त्याच्या वर कंडक्टर. होय, कंडक्टरच, एसटीसारखा गाडीबरोबर जाणारा, टपालाला जबाबदार. ठाणं जवळ आलं की तो बिगूल वाजवी. तेवढ्यात ठाण्यावरची माणसं ताजी जनावरं जुंपायला आणून उभी करत. काही मिनिटांत गाडी पुढे.

चित्रांत दिसते ती लाकडी, पोटफुगी, झुलणारी कॉन्कॉर्ड गाडी या भागात फारशी नसे. खडबडीत वाटेवर हलक्या, कापडी छताच्या गाड्या वापरत. बाकांच्या पाठी खाली पाडल्या की सगळं मिळून एक अंथरूण होई. झोप मात्र लागायची ती लागायचीच नाही. जेवणात घेवड्याचे दाणे, खारवलेलं डुकराचं मांस, भाकरीवजा पाव आणि कॉफी. वाळवंटातून वर आलेल्या माणसाला वॉर्नरच्या खोऱ्यात ताजं मांस आणि थंड पाणी मिळे, त्याचं महत्त्व यावरून समजेल.

दरोडे पडायचे का?

या रस्त्यावर बटरफिल्डच्या काळात फार नाही, कारण लुटण्यासारखं काही नसे. सोनं-चांदी न्यायची नाही असा बटरफिल्डचा नियम होता. सिनेमातली तिजोरी डोक्यातून काढून टाका. ॲरिझोनात १८६१ च्या सुरुवातीला अपाची लोकांशी संघर्ष पेटला, ते वेगळं प्रकरण. वॉर्नरच्या बाजूला खरे शत्रू दोनच: ऊन आणि तहान.

गाड्या बंद का झाल्या?

यादवी युद्ध. टेक्सास फुटून निघालं आणि रस्ता निम्मा शत्रूच्या मुलखात गेला. मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने टपाल मध्यवर्ती मार्गावर हलवलं. म्हणजे सगळा बोलबाला अडीच वर्षांचा. त्याच शरद ऋतूत खोऱ्यात लष्कराची कॅम्प राइट ही छावणी पडली, दक्षिणेला जाऊन मिळणाऱ्या लोकांना अडवायला. अशीच निघालेली डॅन शोवॉल्टरची टोळी नोव्हेंबरात इथेच जवळपास पकडली गेली. पुढे १८६२ ते १८६४ चा दुष्काळ आला आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली गुरं तडफडून मेली. १८७७ मध्ये रेल्वे युमाला पोहोचली तीही दुसऱ्या खिंडीतून. खोरं बाजूला पडलं.

आणि कुपा गावाचं काय झालं?

जाळलेलं गाव पुन्हा उभं राहिलं. मालक बदलत गेले आणि कुपेन्यो लोक मेंढ्यांची लोकर कातरत, गुरं राखत, मळे पिकवत राहिले. उन्हाळ्यात शहरातून सांधे दुखणारे, छातीचे आजार असणारे लोक झऱ्यांवर येत. गावकरी स्नानाचे पैसे घेत, आपली घरं भाड्याने देत. गावाचं बरं चाललं होतं, आणि बहुधा तेच बऱ्याच जणांच्या डोळ्यांवर आलं. १८८३ मध्ये लेखिका हेलन हंट जॅक्सन आणि त्यांचे सहकारी ॲबट किनी यांनी सरकारला अहवाल दिला, या लोकांचे जमिनीचे हक्क वाचवा म्हणून. तो कपाटात गेला.

१८८० पर्यंत रँच जॉन डाउनी याच्या हातात आली. हा एकेकाळचा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर. गाव उठवण्यासाठी कोर्टकज्जे सुरू झाले. डाउनी १८९४ मध्ये वारल्यावर ते त्याचा भाचा हार्वी याने पुढे चालवले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १३ मे १९०१ रोजी ‘बार्कर विरुद्ध हार्वी’ या खटल्याचा निकाल लागला. गावकऱ्यांच्या विरुद्ध.

कारण काय? १८५१ च्या कायद्याने सांगितलं होतं की मेक्सिकन काळातला जमिनीवरचा हक्क सांगायचा असेल तर दोन वर्षांच्या आत आयोगापुढे दावा दाखल करा. कुपेन्योंनी तो केला नव्हता. करणार कसा? कायदा झाला त्याच वर्षी त्यांचं गाव जळत होतं आणि मुदत चालू असताना त्यांच्या म्होरक्याला गोळ्या घातल्या जात होत्या. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसायची आणि एक दिवस तलाठ्याकडे कळायचं की सातबाऱ्यावर आपलं नावच नाही, हा प्रकार समजावून सांगायला मराठी वाचकाला वेगळं उदाहरण लागू नये.

काँग्रेसने दुसरी जमीन घेण्यासाठी १,००,००० डॉलर मंजूर केले. लॉस एंजेलिसचा पत्रकार चार्ल्स लमिस याच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला गेला. लमिस या लोकांच्या बाजूचा होता, हे खरं. त्याने गावकऱ्यांना विचारलं, इथे राहता येत नाही तर दुसरी कोणती जागा आवडेल? गावचे पुढारी सेसिलिओ ब्लॅकटूथ यांनी दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा: ती पलीकडची दफनभूमी बघा, तिथे आमचे बाप आणि आजे आहेत. ते डोंगर बघा. देवाने ते केले तेव्हा ही जागा आम्हाला दिली. आम्हाला दुसरी कोणतीच जागा नको, ती कितीही चांगली असली तरी.

आयोगाने पाला इथली जमीन निवडली. पाणी चांगलं, माती चांगली. १२ मे १९०३ रोजी गाड्या आल्या. शंभराच्या आसपास माणसं निघाली. सुमारे ४० मैलांचा रस्ता, तीन दिवस लागले. पालाला घरं तयार नव्हती. नंतर पूर्वेकडून मागवलेली तयार, जोडायची लाकडी घरं आली, जी मातीच्या घरात वाढलेल्यांना उन्हात भट्टी आणि थंडीत बर्फ वाटली. त्या दिवशी गाडीत बसलेल्या मुलांपैकी एक होती रोसिंडा नोलास्केस. कुपेन्यो भाषा अस्खलित बोलणारी ती शेवटची व्यक्ती. १९८७ मध्ये वारली. तिने सांगितलेले शब्द आणि गोष्टी भाषातज्ज्ञांनी टिपून ठेवल्या आहेत.

टपालगाडीचा अडीच वर्षांचा काळ सगळ्या फलकांवर असतो. हे तीन दिवस मात्र मुद्दाम शोधावे लागतात, म्हणून हे उत्तर सगळ्यांत लांब.

आज जमीन कुणाची?

बहुतांश एका पाणीपुरवठा संस्थेची. विल्यम हेन्शॉ याने १९११ मध्ये रँच घेतली, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला धरण बांधलं गेलं आणि त्याच्या नावाचा तलाव झाला. १९४६ मध्ये व्हिस्टा इरिगेशन डिस्ट्रिक्टने धरणासकट सगळं विकत घेतलं. पाणी सांभाळायचं म्हणून जमीन राखली आणि म्हणूनच इथे बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. खोरं आजही जवळपास तसंच दिसतं, गुरं चरतात. झऱ्यांची जागा वेगळी. तिथे खासगी रिसॉर्ट झालं.

बघण्यासारखं काय आहे?

मातीचं घर. वारसा जपणाऱ्या ‘सेव्ह अवर हेरिटेज ऑर्गनायझेशन’ या संस्थेने ते दुरुस्त केलंय. पडायला आलं होतं. शनिवार-रविवारी दुपारी उघडं असतं, तरी निघण्यापूर्वी वेळ तपासा. ते हायवे ७९ वर नाही, एस-२ या फाट्यावर लगेच लागतं. तोच एस-२ पुढे जुन्या गाडीवाटेने वाळवंटात उतरतो: सॅन फेलिपे, मॉर्मनांनी फोडलेली खिंड, मग वायेसितो. वायेसितोचं ठाणं १९३० च्या दशकात पुन्हा बांधलेलं आहे. अस्सल जुनं ठाणं बघायचं तर उलट दिशेला, ७९ वर ओक ग्रोव्हला जा. बटरफिल्डच्या काळातली जी मोजकी ठाणी उभी आहेत त्यांतलं ते एक.

जुलै-ऑगस्टमध्ये खाली वाळवंटात जाऊ नका. मार्च-एप्रिल उत्तम, तेव्हा खोऱ्यात पायी जाणारे, पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेले लोक दिसतील. मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडापर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल इथून जाते. तेही पाणी भरायलाच थांबलेले असतात.

परतताना ७६ नंबरच्या रस्त्याने पालावरून जाता येतं. तिथे कुपा सांस्कृतिक केंद्र आहे. दर मे महिन्यात कुपा डेज भरतात, कुपेन्यो पक्षीगीतं म्हटली जातात. जुलियनच्या पायपेक्षा थोडा लांबचा फेरा पडतो. दिवस हाताशी ठेवा, आणि गाडीत पेट्रोल.